रॅमची लेटन्सी म्हणजे काय आणि ती मोजतात कशी?

रॅमच्या पाकिटावर ३२००, ४८००, ६००० असे आकडे ठळक छापलेले असतात. डेटाची वाहतूक किती वेगाने होऊ शकते, एवढंच त्यातून कळतं. प्रोसेसरने डेटा मागितल्यापासून तो मिळेपर्यंत जाणारा वेळ ही वेगळी गोष्ट. त्याला लेटन्सी म्हणतात. नळ मोठा असला की पाणी जास्त येतं, पण चावी फिरवल्यावर पहिला थेंब कधी पडेल हे नळाच्या आकारावरून ठरत नाही.

हा वेळ नॅनोसेकंदांत मोजतात. एका नॅनोसेकंदात प्रकाशसुद्धा जेमतेम ३० सेंटीमीटर, म्हणजे शाळेतल्या मोठ्या पट्टीएवढा पुढे जातो. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर व्याख्यानांत तेवढ्या लांबीच्या तारा दाखवायच्या. प्रोसेसरला त्याच्या सर्वांत जवळच्या कॅशमधून डेटा साधारण १ ते २ नॅनोसेकंदांत मिळतो. रॅमपर्यंत जावं लागलं, तर बऱ्याच कॉम्प्युटरवर ६० ते १०० नॅनोसेकंद जातात. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची तेवढ्यात सुमारे २०० ते ३०० आवर्तनं होतात.

मोजणी मात्र अवघड आहे, कारण प्रोसेसर चलाख असतो. डेटा ओळीने वाचला की तो पुढचा भाग आधीच आणून ठेवतो आणि लेटन्सी लपते. म्हणून खजिना शोधण्याच्या खेळासारखी युक्ती करतात. प्रत्येक चिठ्ठीत फक्त पुढच्या चिठ्ठीचा पत्ता, आणि चिठ्ठ्या मेमरीत वाटेल तशा विखुरलेल्या. हातातली वाचल्याशिवाय पुढे जाताच येत नाही! अशा लाखो उड्या मारून एकूण वेळेला उड्यांच्या संख्येने भागायचं. सगळ्या चिठ्ठ्या कॅशमध्ये मावत असतील तर मोजली जाते ती कॅश, रॅम नव्हे. त्यामुळे पसारा कॅशपेक्षा बराच मोठा हवा. लॅरी मॅकव्हॉय आणि कार्ल स्टेलिन यांनी १९९६ मध्ये मांडलेलं एलएमबेंच हे साधनही अशाच साखळीने लेटन्सी मोजतं.

प्रोसेसरच्या दोन कोअरमधला वेळ काढताना एक कोअर सामाईक जागेत आकडा लिहितो, दुसरा तो दिसताच उत्तर लिहितो. या जाण्यायेण्याच्या वेळेचा निम्मा भाग म्हणजे एका बाजूची लेटन्सी.

रॅम घेताना 'सीएल' हा आकडाही बघा. सीएलला २००० ने गुणून रॅमच्या आकड्याने भागलं की नॅनोसेकंद मिळतात. डीडीआर४-३२०० सीएल१६ चे येतात १०, नव्या डीडीआर५-४८०० सीएल४० चे जवळपास १७, आणि डीडीआर५-६००० सीएल३० चे पुन्हा १०. हा एकूण लेटन्सीचा एक तुकडाच, पण दोन पाकिटांची तुलना करायला उपयोगी पडतो.