नाव यंत्राचे की कामाचे?

सरकारी कचेरीला अर्ज लिहिताना आपण अधिकाऱ्याचे व्यक्तिनाम सहसा घालत नाही. ‘मा. तहसीलदार’ एवढ्यावर अर्ज पोहोचतो; मधल्या काळात खुर्चीवरचा माणूस बदलला, तरीही पोहोचतो. व्यक्ती आणि पद यांतील हा भेद आपल्या अंगवळणी पडला आहे. संगणकांच्या जाळ्याला मात्र तो टप्प्याटप्प्याने शिकावा लागला.

अमेरिकेतील ‘आर्पानेट’ या जाळ्यात १९७०च्या दशकात यंत्रांची नावे व अंकी पत्ते यांची एकच यादी असे. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत, एलिझाबेथ फाइनलर यांच्या माहिती केंद्रात ती राखली जाई आणि इतर संगणक तिची प्रत उतरवून घेत. जाळे वाढले तसे एका यादीने भागेना. नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ‘डोमेन नेम सिस्टिम’ मांडली. तिने नावांचा कारभार ठिकठिकाणी वाटून दिला, आणि टोपणनावांसाठी ‘सीनेम’ ही स्वतंत्र नोंद ठेवली. ‘कुसुमाग्रज’ पाहा ‘शिरवाडकर, वि. वा.’ असे एखादा कोश सांगतो, तशीच ही नोंद. भेद एवढाच की कवीचे टोपणनाव दुसऱ्याकडे जात नाही. यंत्राचे जाते, आणि तेच त्याचे प्रयोजन. जुने यंत्र निवृत्त झाले की एक नोंद बदलायची. ते नाव वापरणाऱ्या असंख्य आज्ञावलींना हात लावावा लागत नाही. याउलट आज्ञावलीतच यंत्राचे खरे नाव कोरून ठेवले, तर यंत्र बदलताच ते नाव ओळीओळीत शोधत बसावे लागते. एखाद्या विसरलेल्या कोपऱ्यात ते राहून गेले, की काम तिथेच अडते.

मग यंत्रालाच कामाचे नाव का देऊ नये? डॉन लिब्स यांनी ऑगस्ट १९९० मध्ये संगणकांच्या नामकरणावर लिहिलेल्या टिपणात याचे उत्तर सापडते. कारखान्यातील यंत्रे चालवण्यासाठी घेतलेल्या एका संगणकाला ‘शॉप’ असे नाव दिले गेले. पुढे त्याच कामासाठी दुसरा संगणक आला. त्यालाही ‘शॉप’ कसे म्हणणार? वर्षभराने आणखी पाच आले, आणि मूळ ‘शॉप’ भलत्याच प्रकल्पावर गेला. तेव्हा यंत्राचे नाव यंत्रापुरते असावे, कामाचे नाव वेगळे असावे, हे उघड आहे. ऑक्टोबर १९९७ मध्ये मार्टिन हॅमिल्टन आणि रस राइट यांनी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’, ‘एफटीपी’, ‘मेल’ अशा कामाच्या टोपणनावांची शिफारस केली, आणि रूढ रीतीला लेखी रूप आले.

आम्हांला सर्वांत बोलके वाटते ते जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ संस्थेतील उदाहरण. टिम बर्नर्स-ली यांचा पहिला वेब सर्व्हर ज्या नेक्स्ट संगणकावर चाले, त्याचे नाव ‘एनएक्सओसी०१’. हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नये, अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी त्यावर चिकटवलेली होती. परंतु ६ ऑगस्ट १९९१ रोजी त्यांनी आपला प्रकल्प जाहीर केला, तेव्हा नाव दिले ते ‘इन्फो डॉट सर्न डॉट सीएच’. आणि अंकी पत्त्यापूर्वी ‘सध्या’ या अर्थाचा शब्द घातला. पत्ता बदलेल, नाव राहील, ही जाणीव त्या एका शब्दात आहे. बंद न करण्याची विनवणी केलेले ते यंत्र केव्हाच बंद होऊन प्रदर्शनात गेले. नाव मात्र उरले: २०१३ मध्ये सर्नने ती जुनी पाने त्याच पत्त्यावर पुन्हा मांडली.

साहित्याच्या अभ्यासकाला याचे काय? ग्रंथाचा संदर्भ देताना आपण कपाटाचा क्रमांक लिहीत नाही. लेखक, ग्रंथ, आवृत्ती, पृष्ठ लिहितो. कपाट हलले तरी ग्रंथ सापडतो. आंतरजालावरचे पत्ते आता प्रबंधांच्या तळटीपांत येतात, आणि त्यांतले काही कपाटाच्या क्रमांकासारखेच असतात. ती व्यवस्था हलली की पुरावा पडताळता येत नाही, आणि त्यावर उभा असलेला युक्तिवाद अधांतरी राहतो. अर्थात टोपणनावही आपोआप जगत नाही. त्यामागची नोंद कोणीतरी नेमाने सांभाळावी लागते, आणि तशी संस्था नसेल तर उत्तम नावही निरुत्तर होते. म्हणून पत्ता उतरवून घेताना, तो यंत्राचा आहे की कामाचा, आणि तो राखणार कोण, हे दोन प्रश्न आपण विचारायलाच हवेत.