सूरपाटीचा अंमल

तुकारामबोवांच्या गाथेत खेळांवरचे जे अभंग आहेत, त्यांत हमामा, फुगडी आणि टिपरी यांच्या पंगतीला मृदंगपाट्याही बसल्या आहेत; यावरून 17व्या शतकातल्या श्रोत्याला हा खेळ कोणी समजावून सांगावा लागत नसे, एवढे तरी निःशंकपणे म्हणता येते. त्याच खेळाला आज आपण आट्यापाट्या म्हणतो. मात्र त्याची अखिल भारतीय व्यवस्था ज्या शहराने पुढे आपल्या शिरावर घेतली, ते देहूच्या शेजारचे पुणे नव्हे; ते भोसल्यांचे नागपूर होय.

खेळाची मांडणी वरवर पाहता अगदी साधी आहे. एकामागे एक नऊ आडव्या पाट्या आखलेल्या, प्रत्येकीची रुंदी फूटभराहून किंचित अधिक, आणि त्या सर्वांना मध्यावर छेदीत मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली एक उभी पाटी. नऊ गडी पाट्या धरतात आणि नऊ गडी त्या ओलांडू पाहतात. पाटी धरणाऱ्याने आपली पाटी सोडावयाची नाही. त्याची हद्द पायांखालच्या त्या अरुंद पट्टीइतकीच, आणि त्याचे शस्त्र म्हणजे लांबविलेला हात. या सक्त नियमाला अपवाद एकच. सर्वांत पुढच्या पाटीवरच्या गड्याला उभ्या पाटीवरूनही धावण्याची मुभा असते, आणि हाच तो सूर. आडव्या पाटीवरचा गडी नाक्यावरच्या जकातदारासारखा जागीच खिळलेला असतो. सुराचा अंमल मात्र सगळ्या मुलुखावर चालतो. चढाई करणारा दोन पाट्यांच्या मधल्या चौकोनात अडकला की समोरचा पाटीवाला त्याची पुढची वाट रोखून धरतो, सूर मधल्या पाटीवरून धावत येऊन त्याची बाजू बदलण्याची सोय काढून घेतो, आणि अशा रीतीने कोंडी पूर्ण होते. ती साधावयाची तर पाटीवाल्याला घाईने हात टाकण्याचा मोह आवरावा लागतो. गडी मारण्याचे श्रेय सुराला मिळावे म्हणून स्वतः नुसते उभे राहण्याची तयारी ज्याच्या अंगी नाही, तो कितीही चपळ असला तरी पाटी धरण्याच्या कामाचा नव्हे.

चढाईच्या बाजूलाही अशीच अलिखित श्रमविभागणी आढळते. एकाने सुराला डाव्या अंगाला खेचून न्यावे, दुसऱ्याने पाटीवाल्यापुढे हुलकावण्या देत त्याला टोकापर्यंत आणावे, आणि तेवढ्या अवकाशात तिसऱ्या-चौथ्याने उजव्या अंगाने निसटून जावे. गावोगावच्या जुन्या दस्तुरांत पुष्कळ ठिकाणी एक गडी मेला की सगळ्या बाजूचाच डाव जाई, त्यामुळे ही जबाबदेही सामाईक असे; हुलकावणी देणाऱ्याचा पाय चुकला तर भुर्दंड आठांनाही बसे, आणि तो बचावला तर लोणाचा, म्हणजे सगळ्या पाट्या ओलांडून परत येण्याचा, मान नवांचा असे.

हा खेळ कागदावर आला तो आपल्या स्वदेशी खेळांना शिस्त लावण्याच्या मोठ्या खटाटोपात. पुण्याच्या अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने 1935 साली आट्यापाट्या व खोखो यांची नियमावली प्रसिद्ध केली. इकडे वऱ्हाडात वैद्य बंधूंनी 1914 साली स्थापिलेले अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1936 साली आपले पथक घेऊन थेट बर्लिनच्या ऑलिंपिकला गेले, आणि तेथे त्याने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. त्या काळी नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती. पुण्या-मुंबईच्या मैदानांवर कबड्डी आणि खोखो यांचा बोलबाला होत गेला. विदर्भाने आट्यापाट्या टाकल्या नाहीत.

नियम झाल्याने भांडणे मिटली, हे मान्य केलेच पाहिजे. डाव 7 मिनिटांचा ठरला आणि ओलांडलेल्या प्रत्येक पाटीगणिक गुण मिळू लागला. पण या जमाखर्चात हुलकावणीवाल्याचे खाते राहिले कोठे? ज्याने सुराला अर्धा डाव गुंतवून ठेवला आणि स्वतः दुसऱ्या पाटीच्या पलीकडे गेलाच नाही, त्याच्या नावापुढे गुणलेखक काय मांडणार? सामना पाहणारा जाणकार ते ओळखतो. दफ्तराला ते दिसत नाही, आणि मला तरी यात खेळाची थोडी हानीच वाटते. हा पेच केवळ आपलाच नाही. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या रानात 1981 साली बारा असामी, झाडांवर खुणा करण्याची रंगाची पिस्तुले घेऊन, एकमेकांना चुकवीत निशाणे गोळा करण्यास निघाले. पेंटबॉलचा आरंभ तो हाच. त्या दिवशी जो जिंकला तो एक वनरक्षक होता, आणि त्याने रंगाची एकही गोळी झाडली नव्हती. त्या खेळात पुढे संघ झाले. आघाडीचा गडी शत्रूची नजर आपल्याकडे ओढतो, पिछाडीचा त्याला गोळ्यांचे छत्र धरतो, आणि यांतले पहिले काम कसे मोजावे हा प्रश्न तेथेही उरतोच.

आट्यापाट्या फेडरेशन ऑफ इंडिया 1982 साली स्थापन झाली आणि तिचा कारभार नागपुराहून चालू लागला. राज्य शासनाचे शिवछत्रपती पुरस्कार या खेळाच्या गड्यांनाही मिळाले. केंद्र सरकारच्या नोकरभरतीसाठी खेळांची जी यादी आहे, तीत तिरंदाजी आणि अॅथलेटिक्स यांच्या मागोमाग, केवळ वर्णानुक्रमाच्या कृपेने का होईना, आट्यापाट्यांचा क्रमांक लागतो. त्या अर्जासोबत जोडावयाच्या दाखल्याच्या नमुन्यात खेळाचे नाव, स्पर्धा आणि मिळालेला क्रमांक इतकाच तपशील भरावयाचा असतो. उमेदवार सूर होता की सुराला खेळवणारा, यासाठी त्यात रकाना नाही.