दारफाळणी, बिरडे आणि शिळा सण

बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजात सणांची जी सर्वांत जुनी नावे सापडतात, त्यांत हिब्रू भाषेचा लवलेशही नाही. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण, होळीचा सण, अणशी ढाकायचा सण आणि बिरड्याचा सण ही ती नावे असून त्यांतील बहुतेक नावांचा उगम स्वयंपाकघरात आहे. ज्यू धर्मपरंपरेतील रोश हशाना, योम किप्पूर, पुरीम आणि पेसाह हे शब्द या समाजाच्या तोंडी पुष्कळ उशिरा, शिक्षक, छापील पुस्तके आणि प्रार्थनामंदिरे यांच्यासोबत आले. त्यापूर्वी किती शतके लोटली हे कोणत्याही दस्तऐवजावरून ठरवता येत नसले, तरी मधल्या काळात सणांचे दिवस कशाच्या आधाराने टिकले, याचे बरेचसे उत्तर या नावांतच आहे.

मुळशी तालुक्याच्या पश्चिम कडेवरून ताम्हिणी घाट उतरला की विळे लागते आणि तेथून एक वाट निजामपूर-माणगावकडे, तर दुसरी कोलाड-रोह्याकडे जाते. हाच या समाजाचा जुना मुलूख. रोह्याजवळच्या अष्टमीवरून अष्टमकर, त्याच बाजूच्या तळ्यावरून तळकर आणि अलिबागच्या उत्तरेकडील किहीमवरून किहीमकर अशी आडनावे या समाजात आहेत, कारण गावाच्या नावाला ‘कर’ जोडण्याची मराठी रीत त्यांनी शेजाऱ्यांप्रमाणेच उचलली. समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज नवगावनजीक जहाज फुटल्यावर किनाऱ्याला लागले आणि त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. या कथेचा काळ इसवी सनापूर्वीचा मानणारे आहेत आणि पुष्कळ नंतरचा मानणारेही आहेत. वाचलेल्यांजवळ धर्मग्रंथ उरले नाहीत, एवढी गोष्ट मात्र सर्व कथनांत समान आहे. गावोगाव तेलाचा घाणा चालवणाऱ्या आणि शनिवारी तो बंद ठेवणाऱ्या या लोकांना शेजारी ‘शनवार तेली’ म्हणत. सुंता, शनिवारचा विसावा, खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि देव एकच आहे अशी ग्वाही देणारी ‘शेमा’ ही प्रार्थना एवढे धन त्यांनी ग्रंथावाचून जपले. त्याखेरीज उरले ते सणवार.

सण जपायचा तर तिथी माहीत हवी, आणि येथे कोकणचे पंचांग नकळत मदतीला आले असावे. हिब्रू महिना नव्या चंद्रापासून सुरू होतो आणि महाराष्ट्रात रूढ असलेला अमान्त महिनाही अमावास्या संपताच शुद्ध प्रतिपदेला सुरू होतो. दोन्ही कालगणना चांद्र महिन्यांना सौर वर्षाशी जुळवून घेतात व त्यासाठी अधूनमधून तेरावा महिना घालतात. पौर्णिमान्त महिने पाळणाऱ्या उत्तर हिंदुस्थानात हे लोक उतरले असते, तर त्यांच्या महिन्याचा आरंभ शेजाऱ्यांच्या महिन्याच्या मध्यावर आला असता. कोकणात मात्र तिश्री या हिब्रू महिन्याची पहिली तिथी, म्हणजे रोश हशाना किंवा नव्याचा सण, बहुधा आश्विन शुद्ध प्रतिपदेच्या आसपास पडते. २०२२ साली २६ सप्टेंबरला आणि २०२४ साली ३ ऑक्टोबरला घटस्थापना व ज्यूंचे नववर्ष एकाच दिवशी आले होते. घाण्यावर बसणाऱ्या तेल्याला हिब्रू महिन्याचे नाव आठवले नाही तरी गावात घट बसले की आपला नव्याचा सण आला हे कळत असले पाहिजे. हा तर्क आहे, पण नावांचा पुढचा क्रम पाहता तो सहज टाकून देण्याजोगा नाही.

त्याच तिश्रीच्या चौथ्या दिवशी खिरीचा सण येतो. नवे धान्य, नारळाचा रस आणि गोड घालून केलेली खीर ताटात मांडून, ऊद जाळून शेमा म्हणण्याची रीत त्यात सांगितलेली आहे. आश्विनाच्या तोंडाला हळवे भात घरात येऊ लागते, हे भाताच्या कोणत्याही मुलखात, घाटावरच्या मुळशी-मावळातही, वेगळे सांगावे लागत नाही, आणि नव्याचा पहिला घास देवाला दाखवल्यावाचून खायचा नाही ही चालही तितकीच सर्वत्र आहे. तिश्रीच्या चौथ्या दिवशी खीर करावी असे ज्यू धर्मग्रंथांत कोठेही नाही. या सणापुरते तरी शेताने पंचांगावर मात केली असे म्हणावे लागते.

दहाव्या दिवशी दारफाळणी. ‘फाळणी’ म्हटले की आजच्या वाचकाला देशाची फाळणी आठवेल. येथे मात्र दार लावून घेण्याचा सण असा त्याचा अर्थ समाजात सांगितला जातो. हाच योम किप्पूर, म्हणजे वर्षभरातील पापांच्या क्षमेसाठी पाण्याचा थेंबही न घेता करायचा उपवास. पांढरी वस्त्रे घालून, बाहेरच्यांचा स्पर्श टाळून, दार बंद करून दिवस काढायचा एवढे या लोकांच्या स्मरणात राहिले आणि सणाला नाव मिळाले ते त्या बंद दाराचे. दुसऱ्या दिवशी दानधर्म आणि भेटीगाठी होत, तो शिळा सण. मराठी माणसाला सणाच्या दुसऱ्या दिवसाला ‘शिळा’ म्हणण्यात काही वावगे वाटत नाही, कारण शिळ्या अन्नाला शिळासप्तमीसारखा मान देणारी भाषा तीच आहे.

नावांची ही घडण बिरड्याच्या सणात सर्वांत जवळून पाहता येते. आव्ह या हिब्रू महिन्याच्या नवव्या दिवशी जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचे सुतक पाळले जाते. पहिले मंदिर इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने आणि दुसरे इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने पाडले. या महिन्याचे पहिले नऊ दिवस ज्यू जगात पुष्कळ ठिकाणी मांस वर्ज्य असते आणि उपवासापूर्वीच्या साध्या जेवणात मसूर किंवा अंडे खाण्याची परंपरा आहे. आता हा महिना अनेकदा श्रावणाशी जुळतो. २०२५ साली श्रावण २५ जुलैला आणि आव्ह २६ जुलैला सुरू झाला. शेजारची घरे मांसमच्छी सोडून बसली असताना आपणही ते न खाणे अवघड नव्हते, आणि मसुराच्या जागी रायगडचे कडवे वाल आले. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात घट्ट बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून साल काढायची. डाळिंबी अखंड निघाली पाहिजे, मोड तुटता कामा नये. हे काम एकटीच्या हातून लवकर उरकत नाही. मंदिर कोणते, ते पाडले कोणी, हे सारे विसरले गेले, तरी वर्षातील त्या एका दिवशी बिरडे होतच राहिले.

अणशी ढाकायच्या सणाचेही असेच आहे. पेसाह म्हणजे मिसर देशातील गुलामीतून झालेल्या सुटकेचा सण, ज्यात आठ दिवस आंबवलेले धान्य घरात ठेवायचे नसते. ‘अणशी’ हे मडक्यात आंबवून ठेवलेल्या आंबटाचे नाव आणि ‘ढाकणे’ म्हणजे झाकणे. तेव्हा ज्या दिवशी त्या मडक्याचे तोंड बंद होते तो हा सण. मोशे, फेरो आणि लाल समुद्र यांतले काही नावात नाही, पण आंबवण विटाळ करते हा नियम मात्र नेमका आहे. पुरीम हा फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास येत असल्याने त्याला सरळ होळीचा सण म्हटले गेले. त्याच्या कुळकथेत यापेक्षा अधिक काही नाही.

या मराठी थरावर दुसरा, फारसी-अरबी वळणाचा थर आहे. एलुल महिन्यातील उपवासांना रमजान, इतर काही उपवासांना रोजा, धर्मविधी चालवणाऱ्याला काजी आणि एलिया संदेष्ट्याच्या दिवसाला एलियाहू हन्नाबीचा उरूस ही नावे शेजारच्या मुसलमान वस्तीतून आली. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एलियाच्या रथाची खूण म्हणून दाखवला जाणारा खडक आहे. एलियाच्या नावाने भिजवलेले पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा केला जातो, आणि हा शब्दही ‘चोळलेले, कुस्करलेले’ अशा अर्थाच्या फारसी शब्दावरून आलेला असून ‘मालिश’ त्याच कुळातला आहे. प्रार्थनामंदिरालाही हे लोक मशीदच म्हणत. समाजातील लष्करी अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात शार हारहामीम हे पहिले मंदिर बांधले. ते ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखले गेले आणि मशीद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगितले जाते.

पुण्यात प्रार्थनामंदिराचे देऊळ झाले. बगदादहून १८३२ साली मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांनी पुणे लष्कर भागात बांधायला घेतलेले ओहेल दाविद, म्हणजे दाविदाचा तंबू, १८६७ साली पूर्ण झाले. हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांनी आखलेली ही लाल विटांची, सुमारे ९० फूट मनोऱ्याची इमारत पुणेकरांच्या तोंडी लाल देऊळ आहे आणि १८६४ साली वारलेल्या ससून यांची कबर तिच्या आवारात आहे. बगदादी ज्यूंची भाषा व चालीरीती निराळ्या होत्या. बेने इस्राएलांचे स्वतःचे सुक्कत शेलोमो रास्ता पेठेत १९२१ साली उभे राहिले. व्हेनिससारख्या युरोपीय शहरात ज्यू वारसा पाहायला निघालेल्याला १५१६ साली आखून दिलेल्या वस्तीच्या सीमा दाखवल्या जातात, आणि ‘गेटो’ हा शब्द तेथल्याच एका ओतशाळेवरून आला असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुण्यात किंवा अलिबागच्या इस्राएल आळीत अशी रात्री बंद होणारी वेस नव्हती, म्हणून येथली पदयात्रा दोन-तीन इमारतींत आटोपते आणि मग ऐकण्यासारखे उरते ते शब्दांतच.

हिब्रू नावे परतली ती मराठीच्या हाताला धरून, ही या कथेतील नवलाची बाजू आहे. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. मुंबईत १८४६ साली आणि पुण्यात १८७४ साली हगादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, मराठी अर्थासह छापली गेली. पुण्याची प्रत विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यातून निघाली आणि तिच्यातील चित्रात बिनआंबवणाची भाकर करणाऱ्या स्त्रिया साडी नेसलेल्या आहेत. समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जुनी नावे नोंदवली तेव्हाच ती मागे पडू लागली होती, आणि त्यांचा ग्रंथ छापला गेला तोही १९३७ साली, तेल अवीवमध्ये. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. २०११ च्या जनगणनेत सबंध भारतात ज्यूंची संख्या पाच हजारांच्या आत भरली.

दोन्ही पंचांगांचे अधिक महिने एकाच वर्षी पडत नाहीत, त्यामुळे जोडी मधूनच सुटते: २०२३ साली नव्याचा सण गणेश चतुर्थीच्या तीन दिवस आधी आला होता आणि २०२६ सालीही तो भाद्रपदाच्या आरंभी, १२ सप्टेंबरलाच पडतो. २०२५ साली मात्र २ ऑक्टोबरला दसरा आणि दारफाळणी एकाच दिवशी होती.