चारमिनारला भाव नव्हता

आम्ही सत्तरच्या दशकात श्रीवर्धनच्या आळीत जमवायचो ती सिगारेटची रिकामी पाकिटं. दर्शनी बाजू फाडून सपाट करायची, रिंगणात ठेवायची आणि चपट्या दगडानं बाहेर उडवायची. उडालं ते आपलं. चारमिनार पानाच्या टपरीखाली पसाभर सापडे, म्हणून कवडीमोल. पनामाला जरा मान. मोहल्ल्यातले कुणी चाचा बोटीवरून रजेवर आले की रॉथमन्स नाहीतर ५५५ हाती लागे, आणि त्या पोराचा रुबाब पाहावा!

विलायतेत चित्र पाकिटाच्या आत असे. नरम कागदी पाकीट खिशात चेपू नये म्हणून पुठ्ठा घालत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी कंपन्यांनी त्यावर बेसबॉलपटू छापले. इंग्लंडात विल्स या सिगारेट कंपनीनं १८९६ मध्ये ५० क्रिकेटपटूंचा रंगीत संच काढला, त्यात दाढीवाले डॉक्टर ग्रेस होते. पुढे आपले रणजीही अशा कार्डांवर झळकले. एक चित्र कमी पडलं की पोरं बापाला आणखी ओढायला लावत. मोठा बिलंदर धंदा! होनस वॅगनर या बेसबॉलपटूनं आपलं कार्ड छापणं थांबवायला लावलं; पोरांनी तंबाखू विकत घ्यावी हे त्याला रुचलं नाही, असं सांगतात. आमचं घर श्रीवर्धनी रोठा सुपारीवर चाललेलं, तेव्हा मी नाक मुरडू नये हे बरं.

१९४० मध्ये युद्धातल्या कागदटंचाईनं इंग्लंडातली ही कार्डं थांबली. अमेरिकेत चित्रांनी तंबाखू सोडून बबलगमचा हात धरला. आमच्याकडे ते वारं पोचलं 'बिग फन' बबलगमच्या रूपानं, तोवर मला मिसरूड फुटलं होतं. कार्डावरच्या धावा आणि विकेट जमवून माझा धाकटा भाऊ फरफर उलटायच्या चोपडीसाठी जबडा दुखेपर्यंत गम चघळायचा. विल्सनं मात्र क्रिकेट सोडलं नाही; १९९६ चा विश्वचषक त्याच नावाचा.

टॉप्स या गमवाल्या कंपनीनं १९५२ ची न खपलेली कार्डं १९६० मध्ये न्यूयॉर्कजवळ समुद्रात बुडवली, असं तिचे अधिकारी साय बर्गर सांगत. त्याच संचातलं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं.

आमच्याकडे समुद्रच घरात आला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पत्रे उडाले, वाडी आडवी झाली, माळ्यावरचा डबा भिजला. पंचनाम्याला आलेल्यांनी पोफळी मोजल्या. भावाची कार्डं आणि माझी पाकिटं यांचा जो लगदा झाला होता, त्याला रकाना नव्हता.