कुर्ल्याची फियाट आणि अंगणातली दुरुस्ती

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड येतात, तहनामे येतात, बखरी येतात. यंत्रालाही इतिहास असतो आणि तो वाचायला मोडी यावी लागत नाही, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. आज ज्या इतिहासाबद्दल मी बोलणार आहे, तो तालुक्याच्या एखाद्या गावी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभा असतो. टायर बसलेले, काचेवर धूळ, मागल्या सीटवर कोंबडीनं अंडी घातलेली. आजोबांनी कधी काळी हौसेनं घेतलेली फियाट. घरात दर दिवाळीला वाद होतो, की ही भंगारवाल्याला द्यायची की चालती करायची? त्या वादात थोडी माहितीची भर घालावी, एवढाच या भाषणाचा हेतू.

घरच्या घरी मोटार दुरुस्त करणं हे मोटारीइतकंच जुनं आहे. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतल्या मानहाइम गावाहून बेर्था बेंझ ही बाई नवऱ्याने बनवलेली तीन चाकांची मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर बसवून माहेरी निघाली. शंभर किलोमीटरच्या वर वाट होती. इंधनाची नळी तुंबली, तेव्हा तिनं टोपीच्या पिनेनं ती मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली, ती मोज्याच्या बंदानं गुंडाळली. इंधन संपलं ते औषधांच्या दुकानातून घेतलं आणि ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास हा असा दुरुस्तीचा प्रवास होता. पुढे अमेरिकेत हेन्री फोर्डने १९०८ ते १९२७ या काळात 'टी' नमुन्याच्या दीड कोटी मोटारी विकल्या, त्याही पान्याशी आणि हातोड्याशी ओळख असलेल्या शेतकऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून. त्या गाडीला पेट्रोलचा पंप नव्हता. पेट्रोल आपल्या वजनानं टाकीतून खाली उतरायचं. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असलं आणि चढ उभा असला, की लोक गाडी उलटी फिरवून मागच्या मागं चढवीत!

आपल्याकडे मोटारी आधी जहाजातून उतरल्या, मग पेट्यांतून. फोर्डची हिंदी शाखा १९२६ साली निघाली, आणि १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडण्याचा कारखाना घातला. जोडणी इथली, पण गाडी तिकडचीच. संपूर्ण मोटार या देशात व्हावी ही तळमळ ज्या मोजक्या लोकांना होती, त्यांत शेठ वालचंद हिराचंद अग्रभागी होते. माणूस मूळ सोलापूरचा, जन्म १८८२ चा. सिंदियाची जहाजं, बंगळूरचा विमान कारखाना, विशाखापट्टणची गोदी, इतके उद्योग केल्यावर १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कारखाना कुर्ल्याला. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स त्याच्या दोन वर्षं आधी निघाली होती. १९४७ पासून कुर्ल्याला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ वगैरे गाड्या जुळू लागल्या. मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ साली सरकारने धोरण ठरवलं की, जो इथे भाग तयार करण्याचा कार्यक्रम हाती घेईल त्यानंच मोटारी कराव्यात. नुसत्या जोडणीवर भागवणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. त्याच १९५३ साली वालचंदशेठ वारले. आणि १९५४ मध्ये 'फियाट ११००' ही गाडी आपल्या रस्त्यावर आली.

इटालियन भाषेत अकराशेला 'मिलेचेंतो' म्हणतात, तेच तिचं नाव. पण आपल्या लोकांना ते कुठलं पचायला! पुढचं नाक पुढे आलेलं, पाठ गोलसर, म्हणून मुंबईकरांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हटलं आणि तेच नाव टिकलं. तिची पुढची दारं उलटी उघडत, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला. १९६४ साली 'डिलाइट' हा नवा नमुना आला, दारं सुलटी झाली, अंग चौकोनी झालं. १९७० नंतरच्या काळात फियाटचं नाव गेलं. मग गाडी आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि नंतर चितोडच्या राणीच्या नावावरून 'प्रीमियर पद्मिनी' म्हणून विकली गेली. नावं बदलली, पण आतलं इंजिन मूळचंच राहिलं. चार सिलिंडर, १०८९ घनसेंटिमीटर. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. चारी चाकांना ड्रमचे ब्रेक. २००० सालच्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत बहुतांशी हाच संसार चालला.

इथे थोडं थांबायला हवं. गाडी चाळीस-पंचेचाळीस वर्षं बदलली नाही हे काही भूषण नव्हे. परदेशी मालाला दार बंद, देशात दोन-तीनच कारखाने, आणि पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेलं गिऱ्हाईक. असल्या बाजारात सुधारणा करण्याची निकड कोणाला वाटणार? गिऱ्हाइकावर तो अन्यायच होता, असं माझं स्पष्ट मत आहे. परंतु इतिहासात एका गोष्टीच्या पोटी भलतीच गोष्ट जन्माला येते. गाडी बदलली नाही म्हणून तिचे सुटे भाग बदलले नाहीत, आणि बापानं शिकलेली दुरुस्ती मुलालाही उपयोगी पडली. कुर्ल्याच्या बाजारात जुन्या गाड्यांचे भाग मिळू लागले. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी तर न मिळणारा भाग लेथवर काढून देणारे कारागीर होतेच. आमच्या खेड्यांतही पाया तयार होता. किर्लोस्करांच्या आणि साताऱ्याच्या कूपरच्या तेलाच्या इंजिनांवर ज्यांनी विहिरीचं पाणी उपसलं, त्यांना पिस्टन म्हणजे काय हे शाळेत शिकावं लागलं नाही. पुस्तकी शिक्षणानं या विद्येची कधी दखल घेतली नाही, आणि या मिस्त्रींची नावंही कुठे नोंदलेली नाहीत. तो इतिहास आता त्या गाडीतच काय तो शिल्लक आहे. गाडी भंगारात गेली की तोही गेला.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं हेच झालं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. लोकांनी तिचे फोटो काढले, वर्तमानपत्रांनी लेख लिहिले. पण त्या टॅक्सीचा कार्ब्युरेटर कसा खोलतात, हे कोणी लिहून ठेवलं?

तेव्हा आता तेच पाहू. बरीच वर्षं उभी असलेली गाडी समोर आहे. बहुतेक उत्साही मंडळी पहिल्याच दिवशी नवी बॅटरी आणून किल्ली फिरवतात. हे करू नये. गाडी सुरू होण्याआधी ती थांबते का, हे बघावं. या गाड्यांच्या ब्रेकचं तेल एकाच मार्गानं चारी चाकांकडे जातं. एका चाकापाशी गळती झाली की पेडल फळीला टेकतं आणि चारही ब्रेक जातात. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्या पाण्यानं आतले सिलिंडर गंजतात, रबरी वॉशर फुगतात नाहीतर चिरतात. म्हणून गाडी जॅकनं उचलावी, पण नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली कधीही शिरू नये, लाकडाचे भक्कम ओंडके लावावेत. एकेका चाकाचा ड्रम काढावा. आतली धूळ तोंडानं किंवा पंपानं उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते छातीत जाणं घातक. ओल्या फडक्यानं पुसावं आणि ते फडकं फेकून द्यावं. सिलिंडरचे रबर बदलावेत, चाकांकडे जाणाऱ्या रबरी नळ्या दिसायला बऱ्या असल्या तरी बदलाव्यात. ताजं तेल भरून, एकानं पेडल दाबावं आणि दुसऱ्यानं चाकापाशी नटातून हवा सोडावी. दोन माणसांचं काम आहे. घरातल्या शाळकरी पोराला पेडलवर बसवलं तर द्रवाला दाबून लहान करता येत नाही, हा विज्ञानाचा धडा तो जन्मात विसरणार नाही. हवा राहिली की पेडल स्पंजासारखं लागतं आणि हवा गेली की दगडासारखं. शिक्षकमित्रांनी याची नोंद घ्यावी!

मग इंजिन. प्लग काढून चारी भोकांत थोडं थोडं इंजिन ऑइल सोडावं आणि एक-दोन दिवस तसंच राहू द्यावं. नंतर प्लग न लावताच इंजिन हातानं हळूहळू फिरवून पाहावं. मोकळं फिरलं तर निम्मं काम झालं. अडलं तर जोर करू नये, पुन्हा तेल सोडून वाट पाहावी. ज्यांच्या गाडीला हँडल आहे त्यांनी अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवावा. इंजिन उलटा झटका देतं तेव्हा दांड्याभोवती गुंडाळलेला अंगठा मोडतो.

जुनं पेट्रोल टाकीत ठेवू नये. त्याचा डिंकासारखा चिकटा होतो आणि कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये बसतो. कार्ब्युरेटर उघडताना एकेक भाग क्रमानं जुन्या धोतराच्या फडक्यावर मांडावा, म्हणजे जोडताना उलट क्रमानं घेता येतो. जेटमध्ये तार खुपसू नये, भोक मोठं होतं आणि गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. फुंकून किंवा हवेच्या पंपानं साफ करावं. पूर्वी रॉकेलमध्ये भाग धूत. आता रॉकेल दुर्मिळ झालं आहे, डिझेलवर भागतं. हे सगळं मोकळ्या हवेत, आणि जवळ विडी-काडी नको.

आजच्या पेट्रोलबद्दल दोन शब्द. १ फेब्रुवारी २००० पासून आपल्या देशात शिसं घातलेलं पेट्रोल बंद झालं, ते आरोग्याच्या दृष्टीनं उत्तमच झालं. जुन्या गाडीनं फार वेगानं धावू नये, एवढंच पथ्य. खरा त्रास इथेनॉलचा. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आमच्या उसाला त्यामुळे भाव मिळतो, त्याविरुद्ध मी बोलणार नाही. पण जुन्या रबराला आणि बुचाच्या वॉशरला ते मानवत नाही, आणि ते पाणी शोषून घेतं. पेट्रोलपंपाचा पडदा, ज्याला मिस्त्री डायफ्राम म्हणतात तो, आणि सगळ्या पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घ्याव्यात. आणि टाकी भरून गाडी महिनेन् महिने उभी ठेवू नये.

ठिणगीचं काम सोपं आहे. डिस्ट्रिब्यूटरचं टोपण काढण्याआधी तारांना खुणा कराव्यात. या इंजिनात पेट घेण्याचा क्रम एक-तीन-चार-दोन असा असतो, आणि तारांची अदलाबदल झाली की दिवसभर धक्का मारून उपयोग नाही. आतले पॉइंट काळे पडलेले असतात, ते बारीक पॉलिश पेपरनं साफ करावेत. पूर्ण उघडले असताना त्यांतली फट अर्ध्या मिलिमीटरला थोडी कमी असावी. मापायला फिलर गेज मिळतं. काही जुने मिस्त्री काडेपेटीचा पुठ्ठा घालून अंदाज घेत, आणि त्यांचा अंदाज चुकत नसे. आपण गेजच वापरावं. डायनॅमोचा बेल्ट ताणून पाहावा. गाडी मंद चालू असताना दिवे पिवळे पडले तर घाबरू नये, डायनॅमोचा स्वभावच तो. वेग वाढला की उजेड वाढतो.

राहिलं पाणी, तेल, ग्रीस. इंजिनचं जुनं तेल सोडून नवं भरावं, रेडिएटर धुवावा, किंगपिनच्या निपलांतून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं दाबावं. टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं झालेलं असतं. कडेला चिरा दिसल्या तर लोभ धरू नये. खर्चाची बाजू इथेच जड जाते, हे खरं.

कागदांचंही बघावं लागतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर, तपासणीत गाडी टिकली, तर पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' अशी वेगळी नोंदणी काढली. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क ठेवलं. त्या गाड्या प्रदर्शनाला, फेरीला नेता येतात, रोज बाजाराला नेता येत नाहीत. म्हणून ज्याला फियाटमधून कुटुंबाला जेजुरीला न्यायचं आहे, त्यानं साधी नोंदणीच चालू करून घ्यावी, आणि विमा विसरू नये.

कागद होईपर्यंत गाडी आपल्याच वावरात फिरवावी. पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या गतीनं, चार-पाच फेऱ्या. मग थांबून, तापल्याचा अंदाज घेत घेत, चारी ड्रमजवळ हात न्यावा. तीन कोमट आणि एक चटका देणारा असेल, तर त्या चाकाचा ब्रेक आत धरून बसला आहे. गाडी पुन्हा ओंडक्यांवर घ्यावी आणि तेवढं एकच चाक उघडावं.