जपमाळेची प्रार्थना

जपमाळेची प्रार्थना (रोझरी) ही कॅथोलिक ख्रिस्ती परंपरेतील, पवित्र मरियेच्या मध्यस्थीने केली जाणारी भक्ती आहे. 'गुलाबवाटिका' या अर्थाच्या 'रोझारियम' या लॅटिन शब्दावरून 'रोझरी' हे नाव आले.

स्वरूप

प्रचलित माळेत पाच दशके असतात. प्रत्येक दशकात एकदा प्रभूची प्रार्थना, दहा वेळा 'नमो मरिया' व शेवटी त्रैक्याचे गौरवगान म्हणतात. त्याच वेळी येशू व मरिया यांच्या जीवनातील एका प्रसंगाचे, म्हणजेच 'रहस्याचे', चिंतन केले जाते. आनंदाची, दुःखाची व गौरवाची रहस्ये पूर्वीपासून रूढ होती. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची रहस्ये सुचवली.

महत्त्व

कॅथोलिक शिकवणुकीनुसार प्रार्थना म्हणजे केवळ याचना नव्हे. आराधना, उपकारस्मरण व इतरांसाठी विनवणी हीदेखील तिची अंगे आहेत. जपमाळेतील पुनरुक्ती हे मन एकाग्र करण्याचे साधन आहे. चिंतन नसेल तर जपाला यांत्रिक पाठांतराचे रूप येते, असा इशारा पोप पॉल सहावे यांनी १९७४ मध्ये 'मरियालिस कुल्तुस' या पत्रात दिला. ही भक्ती मिस्साविधीची जागा घेत नाही.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना असून ७ ऑक्टोबरला तिचा सण असतो. वसई परिसरातील मराठी भाषक कॅथोलिक कुटुंबांत सायंकाळी एकत्र जपमाळ म्हणण्याची परंपरा आहे.