पानिपत ते खर्डा : चौतीस वर्षांत मिटलेले आणि न मिटलेले हिशेब

आजचा विषय पानिपत आहे म्हटल्यावर अनेकांना वाटलं असेल की आता पुन्हा गोलाची लढाई, विश्वासरावांना लागलेली गोळी आणि भाऊसाहेबांचं हत्तीवरून उतरणं ऐकायचं आहे. आज आपण ते करणार नाही. लढाई एका दिवसाची होती. १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. आज बोलायचं आहे ते त्या दिवसानंतर काय झालं त्याबद्दल. एवढा मोठा आघात झाल्यावर लोक त्यातून पुढे गेले म्हणजे त्यांनी नेमकं काय केलं, हा आपला प्रश्न.

त्यासाठी हरियाणात जायची गरज नाही. आपला अहिल्यानगर जिल्हा पुरेसा आहे. पारनेर तालुक्यात जामगावला महादजी शिंद्यांचा वाडा आहे. जामखेड तालुक्यात चौंडी आहे, अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव. त्याच जामखेड तालुक्यात खर्डा आहे, जिथे ११ मार्च १७९५ रोजी निजामाचा पराभव झाला. आणि नगर शहरात भुईकोट किल्ला आहे. या चार जागा डोळ्यासमोर ठेवल्या की पानिपतनंतरची गोष्ट बऱ्यापैकी उलगडते.

आधी राज्याचं पाहू. राज्य सावरलं, आणि आपण समजतो त्यापेक्षा लवकर सावरलं. पराभवाच्या धक्क्यानंतर नानासाहेब पेशवे २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर वारले. गादीवर आले माधवराव, वय सोळा. दोनच वर्षांनी, १७६३ मध्ये, निजामाने पुणं लुटलं, आणि नागपूरकर भोसले त्या वेळी निजामाच्या बाजूला होते, हे लक्षात ठेवा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राक्षसभुवनला माधवरावांनी निजामाला हरवलं. फेब्रुवारी १७७१ मध्ये दिल्ली पुन्हा मराठ्यांच्या हातात आली, आणि पुढच्या जानेवारीत बादशहा शाह आलम मराठ्यांच्या बंदोबस्तात दिल्लीत आला. म्हणजे पानिपतपासून दहा-अकरा वर्षांत राज्याने उत्तरेत आपली जागा परत मिळवली होती.

यात जामगावच्या वाड्याचे धनी महादजी पुढे होते. शिंद्यांच्या घराने उत्तरेत काय सोसलं ते पाहा. दत्ताजी जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर पडले. वर्षभराने पानिपतावर तुकोजी पडले, जनकोजी पकडले गेले आणि मारले गेले. महादजी जखमी झाले, पायाने कायमचे अधू झाले, आणि राणेखान नावाच्या एका भिस्त्याने त्यांना वाचवलं. पुढे महादजींनी त्या राणेखानाला भाऊ मानलं आणि सरदारकी दिली. पखालीतून पाणी वाहणारा माणूस सरदार झाला. आपल्यावर कोणाचे उपकार आहेत हे महादजी विसरले नाहीत, हीसुद्धा आठवण ठेवण्याचीच एक रीत आहे.

आता घरांचं पाहू. इथे गोष्ट वेगळी होते.

सावकाराच्या त्या प्रसिद्ध चिठ्ठीची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, अशा अर्थाची ती सांकेतिक भाषा. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे मोठे सरदार. आपण ही चिठ्ठी दुःखाची म्हणून वाचतो, पण ती हिशेबाची म्हणूनही वाचायला हवी. मोती मोजले, मोहरा मोजल्या. खुर्दा मोजलाच नाही. आणि हा खुर्दा म्हणजे साधा शिपाई, बारगीर, मोतद्दार, बाजारातला वाणी, सैन्याबरोबर काशी-प्रयागची यात्रा घडेल म्हणून निघालेल्या म्हाताऱ्या बायका आणि लहान पोरं. लढाईनंतर यांतले असंख्य लोक कापले गेले, किती तरी बायका-मुलं गुलाम म्हणून नेली गेली.

या लोकांना त्या काळी बुणगे म्हणत. आज मराठीत ‘बाजारबुणगे’ हा शब्द कसा वापरतात ते आठवा. तो तुच्छतेचा शब्द आहे. राजकारणात एकमेकांना हिणवायला वापरतात. ज्यांची गणती झाली नाही त्यांचं नावसुद्धा शिवी होऊन बसलं. हे पानिपतनंतरच्या विसरण्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आहे असं आम्हाला वाटतं, कारण हे कोणी ठरवून केलेलं नाही.

गणती झाली नाही की काय होतं? माणूस गेला की नाही हेच कळत नाही. नाना फडणवीस त्या वेळी अठरा-एकोणीस वर्षांचे होते, आई आणि पत्नीसह तिकडे गेले होते. ते कसेबसे जीव वाचवून आले, आई परत आली नाही. नानांनी स्वतःच्या आयुष्याची जी हकीकत लिहून ठेवली ती बालपणापासून सुरू होते आणि पानिपतच्या संकटातून सुटून येण्यापर्यंत येऊन थांबते. पुढे हा माणूस पंचवीस वर्षं मराठी राज्याचा कारभार चालवणार होता. पण स्वतःच्या हातची हकीकत तिथेच थांबली.

भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई रणातून परत आल्या. पती गेले हे त्यांनी मानलं नाही. आपल्याकडे हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहून मग पालाशविधी करण्याची, म्हणजे पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी देण्याची रूढी होती. म्हणजे समाजाने अशा प्रसंगासाठी एक वाट काढून ठेवली होती. शव नसेल, तरी निरोप देता यावा. पण निरोप देण्याआधी माणूस गेला हे मान्य करावं लागतं, आणि हजारो घरांना तेच जमत नव्हतं.

म्हणून तोतयाचं प्रकरण घडलं. सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण ‘मीच सदाशिवरावभाऊ’ म्हणून उभा राहिला. माधवरावांच्या काळात त्याला पकडून कैदेत ठेवलं होतं. १७७६ मध्ये तो रत्नागिरीकडून सुटला आणि बघता बघता हजारो लोक त्याच्यामागे गेले, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. शेवटी त्याचा पाडाव झाला, पुण्यात चौकशी झाली आणि त्याच वर्षअखेर त्याला देहान्त शिक्षा झाली. नरसिंह चिंतामण केळकरांचं ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच प्रकरणावर आहे. यात कारस्थान होतंच, कारभाऱ्यांच्या विरोधकांचा हात होता. पण कारस्थानाला हजारो माणसं मिळाली कशी? पंधरा वर्षं झाली होती, दिल्ली परत मिळून पाच वर्षं झाली होती, तरीही लोकांना भाऊ जिवंत हवे होते. भाऊ परत येऊ शकतात तर आपलाही माणूस येऊ शकतो, असा तो हिशेब असणार. राज्य पुढे गेलं होतं, घरं तिथेच उभी होती.

दुसरा न मिटलेला हिशेब दोषाचा. पानिपत कोणामुळे झालं? हा प्रश्न लगेच सुरू झाला आणि अजून संपलेला नाही. बखरींमध्ये भाऊंचा हट्ट आहे, मल्हाररावांचं रणातून निघून जाणं आहे. होळकरांकडची कैफियत वाचली तर दोष दुसरीकडे जातो. १८९८ मध्ये राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो याच काळाच्या पत्रांचा, आणि त्याच्या प्रस्तावनेतही दोषाची वाटणी आहे. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी पुढे या सगळ्याची कठोर छाननी केली.

मल्हाररावांवर हा ठपका कायम राहिला. चौंडीची मुलगी त्यांची सून. तिचा नवरा खंडेराव १७५४ मध्येच कुंभेरीच्या वेढ्यात गेला होता. १७६६ मध्ये सासरे गेले, १७६७ मध्ये मुलगा गेला, आणि कारभार तिच्याकडे आला. काशी विश्वेश्वर, सोमनाथ, गयेचं विष्णुपद ही तिची कामं सगळ्यांना ठाऊक आहेत. ही पानिपतची स्मारकं नव्हेत, तसं म्हणणं ओढून ताणून होईल. पण एक गोष्ट पाहा. ज्या उत्तरेत मराठ्यांची एक पिढी गारद झाली, तिथे या बाईने घाट बांधले, अन्नछत्रं घातली, आणि गयेसारख्या ठिकाणी मंदिर उभारलं जिथे कोणीही कुठलाही माणूस आपल्या मृतांना पिंड देऊ शकतो. दोषाच्या वादात न पडता पुढे जाण्याची ही एक तऱ्हा होती.

आता खर्ड्याला येऊ. मार्च १७९५. पेशव्यांचं सैन्य परशुरामभाऊ पटवर्धनांच्या हाताखाली, शिंद्यांकडून दौलतराव, होळकरांकडून तुकोजी, आणि नागपूरचे रघूजी भोसले. १७६३ मध्ये निजामाबरोबर असलेलं घर या वेळी इकडे होतं. सगळे जुने वाद बाजूला ठेवून एकत्र आले होते. महादजी वर्षभर आधी वारले होते, पण नाना होते, आणि ही जुळवाजुळव मुख्यतः नानांचीच. निजाम मागे हटून खर्ड्याच्या किल्ल्यात अडकला आणि त्याला तह करावा लागला. दौलताबादसह मुलूख, मोठी रक्कम आणि दिवाण मुशीरउल्मुल्क ओलीस. मराठ्यांची माणसं फार पडली नाहीत. पानिपतचा कलंक धुतला, असं याबद्दल बोललं जातं.

पण कसा धुतला? निजाम पानिपतावर नव्हता. अब्दालीचा हिशेब निजामाकडून वसूल होत नाही. खर्ड्याने मिळाला तो आत्मविश्वास. आणि तो किती टिकला? १३ ऑगस्टला अहिल्याबाई वारल्या. २७ ऑक्टोबरला, सज्जावरून पडून दोन दिवसांनी, सवाई माधवराव वारले, वय एकवीस. वारसाचं भांडण सुरू झालं. १७९६ मध्ये नानांना निजामाची मदत हवी होती, म्हणून महाडच्या तहात खर्ड्याला मिळवलेलं बरंचसं सोडून दिलं. आणि १७९७ च्या शेवटच्या दिवशी दौलतराव शिंद्यांच्या माणसांनी नानांना पकडलं आणि नगरच्या भुईकोटात ठेवलं. पानिपतातून वाचलेला, खर्डा घडवणारा माणूस, त्याच जिल्ह्यातल्या किल्ल्यात आपल्याच लोकांच्या कैदेत. पुढे ऑगस्ट १८०३ मध्ये हाच किल्ला वेलस्लीने घेतला.

याचा अर्थ आम्ही असा लावतो. पानिपतनंतर शत्रू कोण हे आठवणीत राहिलं, पण आपली घरं एकत्र बसून निर्णय कसा घेणार, आणि मतभेद झाला तर कोणाचं ऐकणार, हा प्रश्न कोणी सोडवला नाही. दोष वाटला गेला, कारण शोधलं गेलं नाही. विजय मिळाला तेव्हा वाटलं की आता तो प्रश्नच उरला नाही. खर्ड्याच्या विजयाने चौकशी लांबणीवर टाकली आणि आठ वर्षांत तिची किंमत द्यावी लागली.

हे आज का सांगायचं? २०२५ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात पानिपत येथे स्मारक उभारण्याची घोषणा झाली. दरवर्षी १४ जानेवारीला काला आंब इथे लोक जमतात, हरियाणातला रोड मराठा समाज आपलं नातं त्या रणाशी सांगतो. हे चांगलंच आहे. स्मारकात भाऊसाहेब असतील, विश्वासराव असतील, इब्राहीमखान गारदीही असावेत. आमचं म्हणणं एवढंच की त्या खुर्द्यासाठीही तिथे जागा असावी. राणेखानासारख्या भिस्त्यासाठी, यात्रेला निघालेल्या बायकांसाठी, नेल्या गेलेल्या मुलांसाठी. त्यांची नावं मिळणार नाहीत. पण बुणगे म्हणजे कोण होते हे तिथे चार ओळींत लिहिता येईल, आणि ते वाचून आलेला माणूस तो शब्द शिवी म्हणून वापरताना थोडा थांबेल.

आणि ज्यांना पानिपतपर्यंत जाणं जमणार नाही त्यांनी जामखेडला जावं. चौंडी आणि खर्डा एका दिवसात पाहून होतात. खर्ड्याच्या तटावर उभं राहून विजयाची गोष्ट मुलांना जरूर सांगा, फक्त ती मार्च १७९५ ला संपवू नका. परतीच्या वाटेवर नगरचा किल्ला लागतो. तिथे थांबून नानांच्या कैदेपर्यंत ती पुरी करा.